पाहुण्याचा धर्म : इथियोपिया देशातील रीतिरिवाज

परक्या घरी गेल्यावर कसे बसावे, कसे बोलावे व पानात वाढलेले कसे खावे, हे आपल्याकडे मुलांस लहानपणीच शिकविले जाते. जोडे कोठे काढावे हे कोणास सांगावे लागत नाही, व वडील माणसे उभी असता आपण बसू नये हे मूल पाहून पाहून शिकते. परंतु हे शिक्षण आपल्या घरापुरते व आपल्या गावापुरते असते. समुद्र ओलांडून गेलेल्या मनुष्यास त्यातील काही गोष्टी उपयोगी पडतात, काही निरुपयोगी ठरतात, आणि काही तर यजमानाच्या अपमानास कारण होतात. यास्तव आफ्रिका खंडातील एका देशाचे आचार या लेखात वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे. तो देश इथियोपिया होय.

हाच देश निवडण्यास कारण आहे. त्याचा व आपला संबंध जुना आहे. अरब लोक त्या देशास हबश म्हणत. त्यावरून आपल्या भाषेत ‘हबशी’ हा शब्द आला. इथियोपियात १५४८ च्या सुमारास जन्मलेला एक मुलगा गुलाम म्हणून विकला गेला, हस्ते परहस्ते दक्षिणेत आला, आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. तोच मलिक अंबर. त्याने १६१० साली वसविलेले खडकी गाव म्हणजेच पुढचे औरंगाबाद. २०२३ पासून त्यास छत्रपती संभाजीनगर असे नाव आहे. त्याने केलेली जमीनमहसुलाची व्यवस्था आपण इतिहासात शिकतो. जंजिऱ्याचे सिद्दीही मूळचे आफ्रिकेकडचेच. असे असूनही ‘हबशी’ हा शब्द आपल्या तोंडी बहुधा निंदेचाच झाला आहे. इथियोपियाच्या उंच प्रदेशातील लोक मात्र स्वतःस अभिमानाने ‘हबेशा’ म्हणवितात. तथापि त्या देशात ऐंशींहून अधिक जमाती आहेत व त्या सर्वांस हे नाव आपले वाटत नाही. म्हणून प्रवाशाने पहिला नियम हा पाळावा की, समोरचा मनुष्य स्वतःस जे म्हणवितो त्याच नावाने त्याचा उल्लेख करावा.

देशाची थोडी ओळख

इथियोपियाची लोकसंख्या दहा कोटींहून अधिक आहे. राजधानी अदिस अबाबा. या नावाचा अर्थ ‘नवे फूल’ असा आहे. हे शहर समुद्रसपाटीपासून २३०० मीटरांहून उंच, म्हणजे आपल्या महाबळेश्वराहून सुमारे हजार मीटर अधिक उंचीवर वसलेले आहे. त्यामुळे आफ्रिका म्हणजे सर्वत्र उकाडा अशा समजुतीने जो गरम कपडा घेत नाही, तो पहिल्याच रात्री कुडकुडतो. चौथ्या शतकात अक्सुमचा राजा एझाना याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला; तेव्हापासून तेथील मंडळी अखंड चालत आलेली आहे. १८९६ साली अदवा येथील लढाईत इथियोपियाच्या सैन्याने इटलीचा पराभव केला. पुढे १९३६ ते १९४१ एवढा काळ इटलीने देश व्यापिला होता, तो वगळता या राष्ट्राने परकी राज्य पाहिले नाही. आपण कोणापेक्षा कमी आहोत असे तेथील मनुष्यास वाटत नाही, व त्याच्याशी वागताना उपकारकर्त्याचा आव आणणारा पाहुणा त्याला रुचत नाही.

भेट व अभिवादन

आपल्याकडे रस्त्यात कोणी भेटला तर ‘काय, बरे आहे ना?’ असे म्हणून आपण चालू लागतो. इथियोपियात हा उतावळेपणा समजतात. तेथे अभिवादन सावकाश चालते. आपण कसे आहात, रात्र कशी गेली, घरची मंडळी कशी आहेत, मुले कशी आहेत, असे एकामागून एक प्रश्न विचारले जातात. उत्तरात ‘एग्झियाब्हेर यिमस्गन’, म्हणजे ‘देवाची स्तुती असो’, असे म्हणतात. ही विचारपूस संपल्यावाचून कामाची गोष्ट काढणे असभ्यपणाचे होय. अम्हारिक भाषेतील आदराचा नमस्कार ‘तेना यिस्तिलिन्य’ असा आहे. देव आपणांस आरोग्य देवो, असा त्याचा भाव आहे. एवढे दोन शब्द जरी प्रवाशाने पाठ केले, तरी यजमानाचा चेहरा उजळतो.

हात मिळविताना वडील माणसापुढे किंचित वाकावे व आपला उजवा हात डाव्या हाताने कोपराजवळ धरावा. वस्तू देताना व घेताना उजवा हात किंवा दोन्ही हात वापरावे. एकट्या डाव्या हाताने देणे आपल्याप्रमाणेच तेथेही वाईट मानितात. वृद्ध मनुष्य खोलीत आला असता सर्वांनी उठून उभे राहावे. आपल्या ‘तू’ व ‘आपण’ यांप्रमाणे अम्हारिकातही भेद आहे. मित्रास ‘अन्ते’, मैत्रिणीस ‘अन्ची’ व वडीलधाऱ्यास ‘एर्स्वो’ म्हणावे. मराठी बोलणाऱ्यास ही गोष्ट शिकण्यास मुळीच कठीण नाही.

परदेशी मनुष्यास तेथील मुले ‘फेरेंज’ म्हणून हाक मारितात. हा शब्द आपल्या ‘फिरंगी’ शब्दाचा सख्खा भाऊ आहे. आपण गोरे नसलो तरी ही हाक ऐकू येईल. तिचा राग मानू नये.

नावाची गोष्ट

इथियोपियात आडनाव नाही. प्रत्येकास स्वतःचे एक नाव असते व त्यापुढे बापाचे नाव लावितात. १९६० साली रोम येथे अनवाणी धावून मॅरेथॉनची शर्यत जिंकणारा अबेबे बिकिला आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असेल. त्यातील अबेबे हे त्याचे नाव व बिकिला हे त्याच्या वडिलांचे. त्यास ‘श्रीयुत बिकिला’ म्हटल्यास वडिलांस हाक मारिल्यासारखे होते. म्हणून पुरुषास ‘आतो’, विवाहित स्त्रीस ‘वेइझेरो’ व कुमारिकेस ‘वेइझेरित’ हे शब्द लावून पुढे त्या व्यक्तीचेच नाव घ्यावे. लग्न झाल्यावर स्त्री आपले नाव बदलीत नाही.

येथे आमच्या लोकांच्या एका सवयीविषयी बोलणे प्राप्त आहे. नवीन मनुष्य भेटला की, आपण प्रथम त्याचे आडनाव विचारितो, व त्या प्रश्नाच्या आड जात जाणण्याची इच्छा असते. ही सवय तेथे नेऊ नये. आपण कोणत्या जमातीचे, हा प्रश्न इथियोपियात फार नाजूक आहे. तिग्राय प्रांतात २०२० पासून २०२२ पर्यंत युद्ध होऊन पुष्कळ घरे दुःखात बुडाली. पाहुण्याने सहज विचारलेला असा प्रश्न कोणाच्या जखमेवर पडेल हे सांगता येत नाही. यजमानाने आपण होऊन सांगितले तर ऐकावे. आपण खणू नये.

घड्याळ व पंचांग

तेथील लोक दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजितात. आपले सकाळचे सात वाजले म्हणजे त्यांचा एक वाजतो, व आपल्या दुपारच्या बारास त्यांचे सहा होतात. आपले वाडवडील सूर्योदयापासून घटका मोजीत असत हे ध्यानी घेतले म्हणजे यात काही चमत्कारिक वाटणार नाही. परंतु ‘तीन वाजता या’ असे कोणी म्हटले तर ते तीन कोणते, हे नम्रपणे विचारून घ्यावे. नाहीतर सकाळी नऊची भेट दुपारी तीनला करण्याचा प्रसंग यावयाचा.

वर्षाचे महिने तेरा आहेत. बारा महिने प्रत्येकी तीस दिवसांचे, व तेरावा पाच किंवा सहा दिवसांचा. नवे वर्ष ११ सप्टेंबरला, क्वचित् १२ सप्टेंबरला सुरू होते. त्यांचा सन आपल्या इसवी सनाच्या सात किंवा आठ वर्षे मागे असतो. त्यांच्या पंचांगाप्रमाणे २००० साल १२ सप्टेंबर २००७ रोजी सुरू झाले. नाताळ ७ जानेवारीस साजरा होतो. सणाच्या शुभेच्छा देणाऱ्याने हे पक्के लक्षात ठेवावे.

एका ताटातले जेवण

आता या लेखातील मुख्य गोष्टीकडे वळतो. तेथील अन्न म्हणजे इंजेरा. तेफ नावाच्या अतिशय बारीक धान्याचे पीठ भिजवून दोन तीन दिवस आंबवितात व मोठ्या तव्यावर त्याची भाकर घालितात. आपल्या कोकणातील आंबोळीची ती मोठी बहीण, परंतु ताटाएवढी रुंद, मऊ व आंबट. तिच्यावरच निरनिराळ्या भाज्या, वरणे व मांसाचे तिखट रस्से वाढितात. जेवणापूर्वी घरातील एखादे मूल झारी व तस्त घेऊन येते व पाहुण्याच्या हातांवर पाणी घालिते. नंतर सर्व मंडळी एकाच ताटाभोवती बसून उजव्या हाताने आपापल्या बाजूचा इंजेरा तोडून खातात. दुसऱ्याच्या बाजूस हात घालू नये व बोटे चाटू नयेत.

जेवण रंगात आले म्हणजे यजमान एक घास बांधितो व तो आपल्या हाताने पाहुण्याच्या मुखात घालितो. यास ‘गुर्शा’ म्हणतात. हे प्रेमाचे व सन्मानाचे चिन्ह होय. एकच घास दिल्यास भांडण होते अशी त्यांची समजूत आहे, म्हणून दुसराही देतात. घास मोठा असतो; जितका मोठा तितका लोभ अधिक. अशा वेळी पाहुण्याने हात आडवा करणे म्हणजे यजमानाचे प्रेमच नाकारणे होय. पाहुण्यानेही मग एक घास बांधून यजमानास द्यावा.

आमच्या काही वाचकांचे मन येथे कचरेल हे आम्ही जाणतो. एका ताटात अनेकांनी जेवावे व परक्याच्या हातचा घास तोंडात घ्यावा, यास आपण ‘उष्टे’ म्हणून नाक मुरडितो. परंतु विचार करावा. आई लेकरास घास भरविते, लग्नात वधूवर एकमेकांस घास देतात, तेव्हा तो उष्टा होत नाही. तेथे आपण त्यास माया म्हणतो. म्हणजे घास भरविण्याची रीत आपल्यालाही ठाऊक आहे. फक्त ती आपण घरच्या माणसांपुरती राखून ठेविली आहे. इथियोपियन यजमान ती पाहुण्यापर्यंत पोहोचवितो, एवढाच भेद. कोणी कोणाच्या पंक्तीस बसावे व कोणाच्या हातचे पाणी प्यावे, या भेदाने आपल्या देशात माणसे माणसांपासून किती तोडली गेली, हे सांगावयास नको. त्या भेदाची सावली बरोबर घेऊन जो परदेशी जातो, तो कितीही शिकलेला असला तरी पाहुणा म्हणून नापास होतो. प्रभू येशूने आपल्या शिष्यांस गावोगाव पाठविले, तेव्हा ज्या घरी तुमचे स्वागत होईल तेथे पुढे ठेवतील ते खावे, अशी त्यांस आज्ञा केली. लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात ती आहे. उपदेश करण्यास निघालेल्यांसही आधी दुसऱ्याच्या ताटाशी बसण्यास शिकावे लागले, ही गोष्ट मनन करण्याजोगी आहे.

आता, जो मांस खात नाही त्याने काय करावे? त्याने भिण्याचे कारण नाही. इथियोपियातील जुन्या मंडळीचे ख्रिस्ती लोक बुधवारी व शुक्रवारी, तसेच पुनरुत्थानाच्या सणापूर्वी पंचावन्न दिवस उपवास करितात. उपवासात मांस, अंडी, दूध, लोणी यांतील काहीच चालत नाही. आपल्याकडे उपवासास दूध चालते. तेथे तेही वर्ज्य आहे. त्या दिवशी मसूर, वाटाणे व पालेभाज्या यांचे अनेक प्रकार एका इंजेऱ्यावर वाढून मिळतात. शाकाहारी मनुष्याने ‘त्सोमचे’, म्हणजे उपवासाचे, अन्न पाहिजे असे आगाऊ सांगावे. यजमानास ते ताबडतोब समजते. ताट पुढे आल्यावर तोंड वाकडे करण्यापेक्षा हे शतपट चांगले. मेजवानीत तेथे कच्चे गोमांस आवडीने खातात. आपण ते घेतले नाही तर कोणी रागावणार नाही. परंतु दुसऱ्याच्या घासाकडे किळसेने पाहिल्यास तो अपमान कोणी विसरणार नाही. उलटपक्षी, जो मांस खातो त्याने उपवासाच्या दिवशी यजमानापाशी त्याची मागणी करू नये.

आणखी एक गोष्ट. लोकसंख्येचा सुमारे तिसरा हिस्सा मुसलमान आहे. ख्रिस्ती मनुष्य मुसलमानाने कापलेले मांस व मुसलमान ख्रिस्ती मनुष्याने कापलेले मांस बहुधा खात नाही. तरी दोघेही शेजारी म्हणून एकमेकांच्या सुखदुःखास जातात, व समजूतदार यजमान दुसऱ्यासाठी निराळी व्यवस्था करितो. आग्रह करणे व आदर करणे यांतील भेद येथे शिकावयास मिळतो.

कॉफीचे तीन पेले

कॉफीचे मूळ घर इथियोपिया होय, व तेथे ती नुसते पेय नसून मोठा समारंभ आहे. जमिनीवर हिरवे गवत पसरितात, धूप जाळितात, आणि घरातील स्त्री पाहुण्यांसमक्ष हिरव्या बिया धुऊन भाजिते. भाजल्या बियांचा सुगंधी धूर पाहुण्यांपुढे फिरविते, तेव्हा हाताने तो आपल्याकडे ओढून घ्यावा व तिची प्रशंसा करावी. मग बिया कुटून ‘जेबेना’ नावाच्या मातीच्या सुरईत कॉफी उकळिते व बिनकानाच्या लहान पेल्यांत ओतिते. बरोबर मक्याच्या लाह्या किंवा भाजलेले धान्य असते. पेले तीन वेळा भरितात : पहिला ‘अबोल’, दुसरा ‘तोना’ व तिसरा ‘बराका’. बराका म्हणजे आशीर्वाद. या सर्वास तासभर, कधी अधिकही, वेळ लागतो. आपल्या चहासारखा एक पेला घेऊन ‘काम आहे’ म्हणत उठणारा पाहुणा आशीर्वाद टाकून गेला असे समजतात. शेजाऱ्यांचे तंटे, मुलींची लग्ने व गावचे वर्तमान, सर्व या तीन पेल्यांच्या अवधीत बोलले जाते. वेळ देणे हेच येथे दान आहे.

देवस्थाने व दुःखाची घरे

आमच्या देवळांत बाके असतात व आम्ही जोडे घालून आत जातो. इथियोपियन मंडळीत तसे नाही. दाराशी जोडे काढावे, स्त्रियांनी मस्तक झाकावे, व स्त्रीपुरुषांनी आपापल्या नेमल्या बाजूस उभे राहावे. जळत्या झुडपापाशी मोशेनेही पायांतील जोडे काढिले होते, हे आठवावे. उपासना पुष्कळ तास चालते व लोक उभे असतात. टेकण्यासाठी लांब काठ्या असतात. पडद्याआडच्या पवित्र स्थानी याजकांवाचून कोणी जात नाही. लालीबेला येथे एकाच खडकातून कोरून काढिलेली अकरा देवळे आहेत. आपल्या वेरुळच्या कैलासाची आठवण करून देणारी ती आजही उपासनेची स्थळे आहेत. तेथे प्रार्थना करणाऱ्याचे छायाचित्र विचारल्यावाचून घेऊ नये. हरार या तटबंदीच्या नगरातील मशिदींतही हेच पथ्य पाळावे.

जुनी हस्तलिखिते व क्रूस कोणी विकावयास आणिले तर घेऊ नयेत; परवान्यावाचून ते देशाबाहेर नेणे कायद्याविरुद्ध आहे. यामागे एक दुःखद इतिहास आहे. १८६७ साली सम्राट थिओडोर याने कैदेत ठेविलेल्या इंग्रजांच्या सुटकेसाठी मुंबई इलाख्याचे सैन्य सर रॉबर्ट नेपियर यांच्या हाताखाली तिकडे गेले. एप्रिल १८६८ मध्ये मग्दला किल्ला पडला, व तेथील देवळातील क्रूस, पात्रे आणि शेकडो हस्तलिखिते लुटून हत्ती व खेचरे यांवर लादून नेली. त्यांतील पुष्कळ आजही इंग्लंडातील संग्रहालयांत आहेत. त्या सैन्यात आपल्या देशाचे शिपाई होते. आपण त्या वाटेने पुनः जाल, तर रिकाम्या हाताने परतावे, हेच शोभेल.

ज्या घरी मृत्यू झाला असेल तेथे ओळखीच्या मनुष्याने जाणे अवश्य समजतात. फार बोलावे लागत नाही. जाऊन बसावे, हेच समाधान. शेजारी ‘इदिर’ नावाची मंडळे करून दरमहा थोडी वर्गणी जमवितात, व कोणाच्या घरी मृत्यू झाला म्हणजे दफनाचा खर्च व येणाऱ्यांच्या जेवणाची व्यवस्था त्यातून होते. अदिस अबाबासारख्या मोठ्या शहरातही ही रीत टिकून आहे.

उपसंहार

विद्यार्थिमित्रहो, आपणांपैकी थोडेच इथियोपियास जातील. मग हा पाठ कशासाठी? पुणे व मुंबई येथील महाविद्यालयांत आफ्रिकेतील तरुण शिकावयास येतात. त्यांस आपले दोन पेले चहा नेहमी मिळतातच असे नाही. पुष्कळदा मिळते ते रस्त्यात टाकलेला एखादा वाकडा शब्द व भाड्याने खोली देण्यास नकार. तेही कोणाचे तरी पाहुणे आहेत, व त्यांच्या घरी आपण गेलो असतो तर त्यांच्या आईने आपल्या मुखात घास घातला असता. पालकांस आमची विनंती आहे की, असा एखादा विद्यार्थी आपल्या ओळखीत आला तर त्यास एकदा घरी जेवावयास बोलवावे, त्याचे नाव नीट उच्चारण्यास शिकावे, आणि त्याच्या घरची माणसे कशी आहेत हे सावकाश विचारावे. मुलांनी त्याच्यापाशी बसून त्याच्या भाषेतील नमस्कार शिकून घ्यावा.

घरी विचार करण्याजोगे प्रश्न

१. इथियोपियातील कोणत्या तीन रीती आपल्या रीतींसारख्या आहेत?
२. ‘गुर्शा’ व आपल्या लग्नातील घास यांत साम्य कोणते व भेद कोणता?
३. ‘त्सोमचे अन्न’ मागणे व पुढे आलेले ताट नाकारणे यांत फरक काय?
४. आपल्या घरी परदेशी पाहुणा आल्यास आपली कोणती रीत त्यास समजावून सांगावी लागेल, व ती कोणत्या शब्दांत सांगाल?